बोर्निओच्या अरण्यातील पंधरा दिवस

ओरांगउटानचे पिलू जन्मल्यानंतर पहिली काही वर्षे आईच्या अंगाला बिलगलेलेच असते आणि सहा-सात वर्षांचे होईपर्यंत तिची सोबत सोडीत नाही. अरण्यातील कोणते फळ केव्हा पिकते, कोणत्या झाडाची अंतर्साल खाण्याजोगी असते, दिवस मावळताना उंच फांद्या वाकवून निजण्यासाठी घरटे कसे रचावे, हे सारे ते तिच्याकडूनच शिकते. मादीच्या दोन बाळंतपणांत साधारण सात-आठ वर्षांचे अंतर पडते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या वंशात एक मादी गेली तर तिची उणीव भरून निघण्यास फार काळ जावा लागतो. आणि माणसाच्या हाती पोरके पिलू लागते तेव्हा त्यामागची हकिकत बहुधा एकच असते. आई मारली गेलेली असते. जिवंतपणी ती पिलू सुटू देत नाही.

अशा पिलाला कडेवर घेऊन हसणाऱ्या तरुणांची छायाचित्रे परदेशी सहलींच्या जाहिरातींत हटकून दिसतात. 'वन्यजीव स्वयंसेवा', 'संवर्धन मोहीम' अशा नावांनी बोर्निओ, कोस्टा रिका, पेरू येथील वर्षावनांत दोन ते चार आठवडे राहून काम करण्याच्या योजना आता भारतातील महाविद्यालयीन मुलांपर्यंत पोहोचल्या आहेत. मुलगा किंवा मुलगी असा बेत घरात मांडते तेव्हा वडील खर्चाचा आकडा पाहतात, आईला तब्येतीची धास्ती वाटते आणि आजीचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. मुक्या जिवांची सेवा म्हटल्यावर नकार देणे जड जाते; शिवाय परदेशी विद्यापीठाच्या अर्जात असा अनुभव शोभून दिसतो, हेही घरात सर्वांना ठाऊक असते. हे सारे विचार रास्तच आहेत. परंतु एक प्रश्न सहसा राहून जातो. त्या पंधरा दिवसांत त्या पिलाचे, आणि ते जेथून आले त्या रानाचे, नेमके काय होते?

मलेशियाच्या साबा राज्यात सांदाकान शहराजवळ सेपिलोक येथे १९६४ मध्ये ओरांगउटान पुनर्वसन केंद्र सुरू झाले. लाकूडतोडीच्या जागी सापडलेली, मळ्यांत भटकलेली किंवा कोणी पाळण्यासाठी डांबून ठेवलेली पिले तेथे आणली जातात. केंद्राला लागूनच ४३ चौरस किलोमीटरचे राखीव अरण्य आहे. आधी विलगीकरण आणि वैद्यकीय तपासणी, मग दोरांवर चढण्या-झुलण्याचा सराव, त्यानंतर मोकळे रान, अशी ही वाट आहे. रानातील लाकडी फलाटावर ठरावीक वेळी फळे ठेवली जातात. मात्र तो आहार हेतुपुरस्सर एकसुरी ठेवतात. रोज तेच ते खाऊन जीव विटावा आणि प्राण्याने स्वतः रानात फळे शोधावीत, हा त्यातील उद्देश. यजमानाने पाहुण्याला कंटाळा यावा म्हणून मुद्दाम बेचव ताट वाढावे, असा हा आतिथ्याचा उलटा प्रकार आहे, आणि तोच येथे योग्य आहे.

पांजरपोळ चालविणाऱ्या समाजाला हा फरक विशेष नीट समजून घ्यावा लागतो. मुंबईत भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ पासून आहे. गावोगावच्या पांजरपोळांत भाकड गाय, लंगडा बैल, जखमी कबुतर यांना आयुष्यभर आसरा मिळतो. तेथे माणसाचा हात जितका मायेचा, तितके जनावराचे भले. गाय-बैल हजारो वर्षे माणसाच्या सहवासात वाढलेले आहेत. त्यांना रानात सोडणे ही दया ठरणार नाही. ओरांगउटानच्या बाबतीत गणित उलटे होते. त्याला माणसाची जितकी सवय लागेल, तितका त्याचा परतीचा मार्ग अवघड होतो. माणसाला न भिणारा मोठा नर मळ्यात शिरला, वस्तीजवळ आला, तर बहुधा त्याचाच जीव जातो. म्हणून इंडोनेशियाच्या मध्य कालिमांतान प्रांतात १९९९ मध्ये सुरू झालेल्या न्यारू मेंतेंग केंद्रात पिलांना सांभाळण्यासाठी स्थानिक स्त्रिया कायमच्या नेमलेल्या असतात. त्या रोज पिलांना झाडीत नेतात, चढायला लावतात, संध्याकाळी परत आणतात. पिलाला ओळखीची, स्थिर माणसे मिळतात. दर पंधरवड्याला नवा चेहरा, नवा लळा आणि नवा वियोग, हे आधीच आई गमावलेल्या पिलावर लादण्याजोगे ओझे नाही.

दुसरे कारण अधिक रोखठोक आहे. ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला हे शरीररचनेने माणसाला इतके जवळचे आहेत की माणसाचे रोग त्यांना लागतात. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशाच्या ताई अरण्यात संशोधकांना सरावलेल्या चिंपांझींमध्ये १९९९ ते २००६ या काळात श्वसनविकाराच्या साथी आल्या आणि अनेक प्राणी दगावले. मृतांच्या ऊतींत माणसांत साधी सर्दी-खोकला घडविणारे विषाणू सापडले. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. विमानात शेजारच्या प्रवाशाकडून घेतलेली सर्दी दोन दिवसांनी पिलाच्या छातीत उतरू शकते, असा याचा सरळ अर्थ. त्यामुळेच महावानरांच्या पर्यटनासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत सात ते दहा मीटर अंतर आणि तोंडावर मास्क सांगितला आहे. ज्या योजनेत पिलू कुशीत घेण्याची हमी दिलेली असेल, ती योजना हे नियम जाणत नाही किंवा जाणूनबुजून मोडते. दोहोंपैकी काहीही असले तरी तेथे पैसे भरू नयेत.

छायाचित्राचेही तसेच. कडेवरच्या पिलाचे चित्र पाहणाऱ्याला त्यामागचे केंद्र, डॉक्टर, उद्देश यांपैकी काही दिसत नाही. दिसते ते एवढेच की हा प्राणी पाळता येतो. पिलांचा चोरटा व्यापार अशा समजुतीवर पोसला जातो आणि त्यातील प्रत्येक पिलामागे एक मेलेली आई असते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये वानरवर्गीय प्राण्यांच्या छायाचित्रांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती याच कारणाने.

मग पंधरा दिवसांसाठी गेलेल्या तरुणाने करावे तरी काय? काम पुष्कळ आहे, आणि ते बहुतेक झाडांचे आहे.

बोर्निओच्या सखल वर्षावनातील उंचच उंच वृक्ष मुख्यतः आपल्या सालवृक्षाच्या कुळातले आहेत. इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांना 'मेरांटी' आणि 'मलेशियन साल' ही नावे परकी नाहीत. आपल्याकडच्या कित्येक इमारतींच्या चौकटी याच कुळातील लाकडाच्या आहेत. हे वृक्ष दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अनियमित अंतराने, जणू संकेत ठरल्याप्रमाणे, विस्तीर्ण प्रदेशातील असंख्य वृक्ष एकदम फुलतात आणि पंख असलेली फळे भिरभिरत खाली येतात. बी मात्र धान्यासारखे साठवता येत नाही. कोठारात ठेवले की ते मरते. काही दिवसांत रुजले तरच रुजले. म्हणजे फळांचे वर्ष आले की थोड्या आठवड्यांत बिया वेचणे, त्या पिशव्यांत लावणे, हजारो रोपांना सावली आणि पाणी देणे, हे सारे उरकावे लागते. माल आला आणि गोदाम उपलब्ध नाही, अशी स्थिती ज्याने अनुभवली आहे त्याला या घाईची कल्पना येईल. येथे वीस अननुभवी हातसुद्धा उपयोगी पडतात.

रोप लावणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि छायाचित्रात सर्वांत शोभणारा भाग. खरी मेहनत त्यानंतरची. उष्ण आणि दमट हवेत गवत आणि वेली रोपापेक्षा वेगाने वाढतात. दोन-तीन वर्षे पुन्हापुन्हा खुरपणी केली नाही तर रोप गुदमरते. किनाबातांगान नदीच्या काठी पूर येतो आणि रोपे चिखलाखाली जातात. हत्तींचा कळप एका रात्रीत ओळच्या ओळ तुडवून जातो. म्हणून लावलेल्या रोपांचा आकडा सांगणाऱ्या संस्थेला तीन वर्षांनंतर जगलेल्या रोपांचा आकडाही विचारावा. ज्याच्याकडे दुसरा आकडा नाही, त्याच्या पहिल्या आकड्याला फारशी किंमत नाही.

याच नदीकाठी बातू पुतेह नावाचे गाव आहे. ओरांग सुंगाई, म्हणजे 'नदीची माणसे', अशी तेथील लोकांची ओळख. १९९७ मध्ये गावाने अरण्यरक्षण आणि पर्यटन एकत्र बांधणारा उपक्रम सुरू केला. लगोलग १९९७-९८ च्या भीषण अवर्षणात आसपासच्या रानाला आगी लागल्या. जळलेले रान पुन्हा उभे करण्याचे काम गावकऱ्यांनीच हाती घेतले आणि पुढे त्यांची सहकारी संस्था आकाराला आली. सहकाराच्या महाराष्ट्राला हे सहज उमजावे. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, रोपवाटिकेत पिशव्या भरतात, रोपांभोवती खुरपतात. जवळच तुंगोग नावाचे सरोवर आहे. 'साल्विनिया' या परदेशी पाणवनस्पतीने त्याचा पृष्ठभाग पार झाकून टाकला होता. केरळच्या खाड्यांत 'आफ्रिकन पायल' म्हणून कुप्रसिद्ध असलेली तीच ही वनस्पती. गावकऱ्यांनी होड्या घेऊन हातांनी ती उपसली, आणि ती पुन्हा वाढते म्हणून उपसणे चालूच ठेवले. सरोवरातून ओली वनस्पती उपसून काठावर टाकीत राहणे हे काम नीरस आहे, कंबर मोडणारे आहे. त्यात गोंडस पिलू कोठेही नाही. पण पाण्यात प्रकाश उतरला की मासे परततात, आणि माशांमागे पक्षी.

ज्यांना खुरप्यापेक्षा वही बरी वाटते त्यांच्यासाठी मोजणीचे काम आहे. दाट पर्णसंभारात ओरांगउटान सहसा दिसत नाही. म्हणून प्राण्याऐवजी त्याची घरटी मोजतात. प्रत्येक प्रौढ प्राणी जवळजवळ रोज नवे घरटे बांधतो, ते किती दिवसांत कुजते याचा अंदाज असतो, त्यावरून संख्येचा हिशेब निघतो. हेलिकॉप्टरमधून घरटी मोजून २००५ मध्ये साबा राज्यासाठी सुमारे ११,००० ओरांगउटान असा आकडा प्रसिद्ध झाला. त्यातील साठ टक्क्यांहून अधिक संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, म्हणजे तोडीच्या जंगलांत राहतात, ही त्या पाहणीतील अधिक मोलाची गोष्ट होती. अभयारण्याच्या कुंपणापाशी काम संपत नाही, हे त्यामुळे आकड्यांनिशी कळले. दानुम खोऱ्याजवळ एकदा तोड झालेल्या जंगलातील झाडांचा घेर वर्षानुवर्षे मोजला गेला. त्यातून २०२० मध्ये असे दिसले की नुसते राखलेले जंगल दरसाल हेक्टरी २.९ टन कार्बन पुन्हा साठवते, तर वेली तोडून आणि रोपे लावून हात दिलेले जंगल ४.४ टन. झाडाच्या बुंध्याला फीत लावून आकडा लिहिणे यात शौर्य नाही. परंतु असे शेकडो आकडे जुळले म्हणूनच हा निष्कर्ष काढता आला. अमेरिकेतील 'अर्थवॉच' ही संस्था १९७१ पासून हाच मार्ग चालवीत आहे: स्वयंसेवक पैसे देतो, त्या पैशांवर शास्त्रज्ञाचे काम चालते आणि स्वयंसेवक त्याचा मदतनीस होतो.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर तो व्यापाऱ्याच्या नजरेनेच पाहावा. भरलेल्या रकमेपैकी मध्यस्थाकडे किती राहते आणि गावापर्यंत किती जाते? मुक्काम कोणाच्या घरी, स्वयंपाक कोणाचा, वाटाड्या कोठला? स्वयंसेवक नसलेल्या महिन्यांत तेच काम कोण करते? या शेवटच्या प्रश्नाचे 'कोणीच नाही' असे उत्तर आले, तर ते काम पाहुण्यांच्या करमणुकीसाठी निर्माण केलेले आहे असे खुशाल समजावे. उलट, 'गावातल्या बायका वर्षभर करतात, पाहुणे त्यांच्या हाताखाली असतात' असे उत्तर आले तर तेथे मुलाला पाठविण्यास हरकत नाही. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागतो, विम्यात जंगलातून दवाखान्यापर्यंत नेण्याचा खर्च धरला आहे का, हेही लेखी घ्यावे. साबा भागात माकडांमधून माणसांत येणारा एक मलेरिया आढळतो. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वी घ्यावा, परतल्यावर नव्हे.

आता आजींचा प्रश्न. तेथील गावांत भात आणि मासे हा नित्याचा आहार आहे. भाजी पूर्ण शाकाहारी दिसली तरी तिच्यात 'बेलाचान' नावाचा सुकट कोळंबीचा लगदा घातलेला असू शकतो. यजमानाला ते नाव घेऊनच विचारावे, नुसते 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. कसावाच्या कंदाचाही तेथे वापर होतो. चौविहार पाळणाऱ्यांना एक सोय आहे: विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर सायंकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ रोज बदलत नाही. मात्र कामावरून परतण्याची आणि जेवणाची वेळ आधीच बोलून ठेवावी लागते. भाजलेले पोहे, खाकरा, डाळींची पाकिटे सोबत असावीत, आणि ती हवाबंद डब्यात. त्या हवेत उघडा खाकरा तासाभरात मऊ पडतो.

आणि जळवा. पावसाळी वाटेवर पानापानावर त्या वाट पाहत असतात. जळू दिसताच मीठ किंवा तंबाखूचे पाणी टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्याने ती तडफडून मरते. त्याची गरज नसते. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घातले तर ती मुळात चावू शकत नाही. चावलीच तर तिच्या तोंडाकडच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ती सोडवता येते आणि बाजूच्या पानावर ठेवता येते. जखम थोडी वाहते, दोन दिवस खाजते, एवढेच. ओरांगउटानसाठी समुद्र ओलांडून गेलेल्याने वाटेवरच्या जळवेशी कसे वागावे, याची मुले तेथे आपसात चर्चा करतातच. या घरांतल्या मुलांना त्या चर्चेत सांगण्यासारखे काही असावे.

एवढे सारे करून आलेल्या मुलाला घरी एक प्रश्न पडतो, आणि तो वडिलांच्या दुकानाविषयीचा असतो. साबामधील जंगल आधी लाकडासाठी तुटले आणि मग त्या जागी तेलताडाचे मळे आले. पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. अलीकडच्या वर्षांत दरसाल साधारण पंचाहत्तर लाख ते एक कोटी टन पामतेल देशात आले, ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. फरसाण, बिस्किटे, साबण, हॉटेलांचे डबे यांत ते आहे. किराणा आणि तेलाच्या पेढ्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. तेल टाकून देणे हे उत्तर वाटते तितके सरळ नाही: तेलताड हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन सुमारे अर्धा टन. पामची जागा सोयाने घ्यायची तर कोठेतरी कितीतरी अधिक जमीन नांगरावी लागेल. मात्र माल कोणत्या मळ्यातून आला, तो मळा जुना की नव्याने जंगल तोडून केलेला, हे विचारण्याची पद्धत २००४ मध्ये स्थापन झालेल्या पामतेलविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाने प्रमाणपत्रांच्या रूपाने घालून दिली आहे. तिच्यात उणिवा आहेत, तिच्यावर टीकाही होते. तरी घाऊक खरेदीदाराने प्रमाणपत्राची विचारणा केली की पुरवठादाराला उत्तर द्यावे लागते. किनाबातांगानच्या काठी मुलाने लावलेली पन्नास रोपे आणि वडिलांच्या एका खरेदीपत्रावरील एक ओळ, यांतील जड पारडे कोणते हे पेढीवर बसलेल्या माणसाला तागडीशिवाय कळेल.

ज्यांना बोर्निओ परवडत नाही किंवा इतक्या दूर मुलांना धाडण्यास मन धजत नाही, त्यांच्यासाठी देशातच एक वाट आहे. अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या उष्णप्रदेशीय जंगलात २०११-१२ पासून धनेश पक्ष्यांची घरटी दत्तक देण्याचा उपक्रम चालतो. वनविभाग, निशी समाजातील गावप्रमुखांची संस्था आणि म्हैसूरची निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान ही संस्था यांनी तो मिळून उभा केला. निशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच असे. आता तिच्या जागी कृत्रिम चोच आली आहे, आणि पूर्वी शिकार करणाऱ्यांपैकी काही जण आज घरट्यांचे राखणदार आहेत. दत्तक घेणाऱ्याच्या पैशांतून या राखणदारांना वेतन मिळते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड लिंपून घेते, आणि नर एका अरुंद फटीतून तिला आणि पिलांना महिनोन्महिने फळे भरवतो. तो नर मारला गेला तर ढोलीतील सारे कुटुंब संकटात येते. म्हणून मार्चपासून पावसाळ्यापर्यंत राखणदार दूर बसून ढोलीवर नजर ठेवतात: नर किती वेळा आला, कोणते फळ आणले, पिलू केव्हा बाहेर पडले. त्या घरट्याची वार्ता पुढे दत्तक घेणाऱ्याच्या घरी पोहोचते.